एका ‘च’ची चोरी?

गेले काही दिवस मराठी ख्रिस्ती ग्रुपांमधून एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मथळा: ‘ल्यूथरने बायबलमध्ये घुसडलेला शब्द’. फिरत फिरत तो आमच्या मावशीकडे पोचला आणि तिचा फोन आला, ‘म्हणजे आजवर पाळक सांगत आले ते खोटं होतं का रे?’ तिला थोडक्यात सांगितलं. पण मेसेज पाठवणारे थांबलेले नाहीत, म्हणून हे लेखी.

ज्यांच्याकडे तो आलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा सारांश. माणूस विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो ही शिकवण मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाने १५१७ साली शोधून काढली, त्याआधी पंधराशे वर्षं ती कुणाच्या गावी नव्हती. रोमकरांस पत्र ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द त्याने पदरचा घातला. बायबलमध्ये ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे ‘नव्हे’ असं लिहिलं आहे. म्हणून ल्यूथरने याकोबाचं पत्रच काढून टाकलं. जुन्या करारात या शिकवणीचा मागमूस नाही, येशूनेही ती दिली नाही, ती प्रेषित पौलाची. ती मानली की पाप करायला मोकळीक. ल्यूथर स्वतःच ‘बिनधास्त पाप कर’ म्हणाला होता. आणि शेवटी, १९९९ साली ल्यूथरन मंडळ्यांनी चूक लेखी कबूल केली.

‘केवळ’ हा शब्द घुसडला

शब्द मूळ ग्रीकमध्ये नाही, हे खरं. मेसेजला एवढं द्यावंच लागेल. पण हे पाचशे वर्षं दडवलेलं गुपित उघडकीला आणल्याचा जो आव आहे तो हास्यास्पद आहे. १५२२ च्या जर्मन नव्या करारात ल्यूथरने ‘आलाइन’, म्हणजे ‘केवळ’, असं लिहिलं. विरोधकांनी तेव्हाच बोंब मारली, आणि १५३० साली त्याने भाषांतरावर एक खुलं पत्र छापून उत्तर दिलं. त्यात तो स्वतःच सांगतो की सोला (लॅटिनमध्ये ‘केवळ’), ही चार अक्षरं मुळात नाहीत, ते मला ठाऊक आहे; माझे टीकाकार त्या अक्षरांकडे, नव्या फाटकाकडे गाय बघते तसे बघत बसले आहेत.

त्याचा युक्तिवाद व्याकरणाचा होता. जर्मनमध्ये दोन गोष्टींपैकी एक नाकारून दुसरी स्वीकारली की ‘आलाइन’ आपोआप येतो. त्याचंच उदाहरण: शेतकरी केवळ धान्य आणतो, पैसे नाही. भाषांतर करताना लॅटिनच्या अक्षरांना विचारायचं नसतं, घरातल्या बाईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारायचं असतं, असं तो पुढे म्हणतो.

आता हेच मराठीत करून बघा. ‘कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो.’ वाक्य बरोबर आहे, पण कानाला अर्धं लागतं. बोलताना आपण काय म्हणू? ‘कर्मांनी नाही, विश्वासानेच.’ ‘त्याने पैसे नाही दिले, धान्यच दिलं.’ हा ‘च’ म्हणजे ल्यूथरचा ‘आलाइन’. आपल्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये तो ‘च’ नाही, ‘केवळ’ही नाही. त्यामुळे मराठीतून बायबल वाचणारा माणूस या शब्दाने फसला असं म्हणण्यात अर्थच नाही, त्याच्यासमोर तो कधी आलाच नाही. आणि ‘च’ काढला तरी वाक्यातलं ‘कर्मांवाचून’ जागचं हलत नाही. गलतीकरांस पत्र २:१६ तर त्याहून कडक आहे: नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही, ‘विश्वासाद्वारे असल्याखेरीज’ नाही. तिथे ल्यूथरची गरज कुणाला?

१५१७ साली शोध लागला

१५१७ च्या पंच्याण्णव कलमांमध्ये हा सिद्धांत नाहीच. ती कलमं पापक्षमापत्रांच्या विक्रीवर आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने ती उघडून पाहिली असती तर निदान साल तरी दुसरं टाकलं असतं.

‘पंधराशे वर्षं कुणाला माहीत नव्हतं’ याला एकच दाखला पुरेसा आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पाठवलेलं एक पत्र शाबूत आहे. परंपरेने ते क्लेमेंतच्या नावावर आहे, ज्याला कॅथलिक परंपरा सुरुवातीच्या पोपांमध्ये गणते. त्याच्या ३२ व्या अध्यायात आशय असा: आपण स्वतःमुळे नीतिमान ठरत नाही, आपल्या ज्ञानाने, समजुतीने, भक्तीने किंवा पवित्र मनाने केलेल्या कर्मांनीही नाही, तर विश्वासाने ठरतो, ज्या विश्वासाने सर्वसमर्थ देवाने आरंभापासून सगळ्यांना नीतिमान ठरवलं. ‘पवित्र मनाने केलेल्या कर्मांनीही नाही’ हे शब्द दोनदा वाचा. इथे फक्त सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम वगळलेले नाहीत, चांगल्या मनाने केलेली चांगली कामंसुद्धा वगळली आहेत. लगेच ३३ वा अध्याय विचारतो: मग बंधूंनो, आपण काय करावं? सत्कर्म करायचं सोडून द्यावं का? आणि उत्तर ‘मुळीच नाही’ असं आहे. याच पत्राच्या ३० व्या अध्यायात ‘शब्दांनी नव्हे, कृत्यांनी नीतिमान ठरावं’ असंही वाक्य आहे. त्या माणसाला दोन्ही एकत्र म्हणताना अडचण वाटली नाही.

राहिला ‘केवळ’. जोसेफ फिट्झमायर हे अमेरिकन जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातले. रोमकरांस पत्रावरच्या १९९३ च्या भाष्यात ते ल्यूथरच्या आधी इथे ‘केवळ’ म्हणणाऱ्यांची यादीच देतात: ओरिगेन, हिलरी, बासिल, ख्रिसोस्तोम, बर्नार्ड, थॉमस अक्वायनस वगैरे. ओरिगेन तर उदाहरणासह सांगतो, वधस्तंभावरचा चोर. त्याच्याकडे केलेली कर्मं दाखवायला वेळच नव्हता. प्रत्येकाने शब्द ल्यूथरच्याच अर्थाने वापरला असं नाही, थॉमसकडे विश्वासाला प्रेमाने आकार यावा लागतो. पण शब्द ‘घुसडलेला’ मात्र नाही.

मेसेजमध्ये अर्धसत्य आहे ते वेगळ्या जागी, आणि लिहिणाऱ्याला ते सापडलेलं नाही. ऑगस्टीनपासून लॅटिन चर्च ‘युस्टिफिकारे’ या क्रियापदाचा अर्थ ‘नीतिमान करणं’ असा घेत आलं: देव आतून बदलत जातो, आणि ते सगळं मिळून नीतिमान होणं. ‘नीतिमान ठरवणं’ ही निकालाची गोष्ट वेगळी आणि ‘पवित्र होत जाणं’ ही आयुष्यभराची गोष्ट वेगळी, अशी स्पष्ट फाळणी ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या काळात झाली. ती नवी होती. यावर कुणी वाद घातला तर त्यात दम आहे.

जुन्या करारात मागमूस नाही

हा दावा वाचून कपाळावर हात मारावासा वाटतो. पौलाचा सगळा डोलारा जुन्या करारावर उभा आहे. रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय म्हणजे उत्पत्ति १५:६ या एका वचनावरचं प्रवचन: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला, आणि देवाने तो त्याच्या बाजूला नीतिमत्त्व म्हणून गणला.

‘गणला’ हे क्रियापद बघा. ग्रीकमध्ये ‘लोगिझोमाय’, हिशेबाच्या वहीतला शब्द. रोम ४ मध्ये तो अकरा वेळा येतो. चौथं वचन सरळ मजुरीची भाषा बोलतं: काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती कृपा म्हणून नाही, देणं म्हणून. पाचवं उलट बाजू दाखवतं: जो काम दाखवत नाही पण अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास जमेच्या बाजूला धरला जातो.

पौलाचा खरा डाव मात्र वयाच्या आकड्यांत आहे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला हा निकाल लागला तेव्हा अब्राहामाचा मुलगा इश्माएल जन्मला नव्हता. तो जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा (१६:१६). सुंता झाली ती ९९ व्या वर्षी (१७:२४), आणि त्या दिवशी इश्माएल १३ वर्षांचा होता, हेही पुढच्याच वचनात लिहिलं आहे. म्हणजे निकाल आणि सुंता यांत किमान तेरा वर्षं. म्हणून रोम ४:१० मध्ये पौल विचारतो: केव्हा गणला, सुंता झाल्यावर की आधी? आधी. म्हणून अब्राहाम सुंता न झालेल्यांचाही बाप. गलती ३:१७ मध्ये तो हाच हिशेब पुढे नेतो: सीनायवरचं नियमशास्त्र अभिवचनानंतर ४३० वर्षांनी आलं, ते आधीचा करार मोडू शकत नाही. पौलाची सगळी मांडणी क्रमाची आहे, आधी काय आणि नंतर काय. हा क्रम सुटला की पुढचं सगळं सुटतं, आणि मेसेजचं तेच झालं आहे.

दुसरं, ‘ठरवणं’ ही न्यायालयाची भाषा. अनुवाद २५:१ मध्ये न्यायाधीशांनी निर्दोषाला निर्दोष ठरवावं, दोषीला दोषी ठरवावं असं आहे. तिथे ठरवणं म्हणजे चांगला माणूस बनवणं नव्हे, निकाल देणं. लूक ७:२९ मध्ये तर लोकांनी ‘देवाला नीतिमान ठरवलं’ असं त्याच क्रियापदाने लिहिलं आहे. देवाला कुणी सुधारलं नव्हतं, तो न्यायी आहे हे मान्य केलं होतं. आता गंमत पाहा. निर्गम २३:७ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात न्यायाधीशाला ताकीद आहे: लाच घेऊन अधर्म्याला नीतिमान ठरवू नकोस. नीतिसूत्रे १७:१५ म्हणतं, असं करणारा परमेश्वराला वीट आणतो. आणि रोम ४:५ मध्ये पौल निर्गमातलेच ग्रीक शब्द उचलून देवाला नाव देतो: ‘अधर्म्याला नीतिमान ठरवणारा’. यहूदी वाचकाला हे ऐकून धक्का बसला असणार, आणि पौलाला तो द्यायचाच होता. म्हणूनच त्याला आधी ३:२५-२६ मध्ये ख्रिस्ताच्या रक्ताचा मुद्दा मांडावा लागतो: देव पाप नजरेआड करून निकाल फिरवत नाही, किंमत चुकती झाली आहे.

हबक्कूक २:४ बद्दल थोडं सबुरीने घ्यायला हवं. ‘नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल’ यातला इब्री शब्द ‘एमुना’ आपल्या ‘निष्ठे’च्या जास्त जवळचा आहे. ग्रीक भाषांतरात ‘माझ्या’ निष्ठेने, म्हणजे देवाच्या, असं आहे. पौलाने ‘आपल्या’ही गाळलं आणि ‘माझ्या’ही. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत सापडलेल्या हबक्कूकवरच्या जुन्या यहूदी भाष्यात हेच वचन नियमशास्त्र पाळणाऱ्यांना आणि ‘नीतिमत्त्वाचा गुरू’ म्हटलेल्या त्या पंथाच्या गुरूवर विश्वास ठेवणाऱ्यांना लावलं आहे. म्हणजे वचनाचे अर्थ तेव्हाही एकाहून जास्त होते. पण ‘मागमूस नाही’? स्तोत्र ३२, स्तोत्र १४३:२, सगळं पौल नाव घेऊन किंवा न घेता वापरतो.

येशूने शिकवलं नाही

लूक १८:९-१४. मंदिरात दोघे गेले. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, आठवड्यातून दोनदा उपास आणि सगळ्या मिळकतीचा दशमांश सांगतो, जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो आणि ‘मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणतो. येशू म्हणतो, हा नीतिमान ठरून घरी गेला. क्रियापद पौलाचंच आहे. परूशाची कर्मं खोटी होती असंही गोष्टीत कुठे नाही. आणि ‘पौलाने नंतर बदललं’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पौलाची पत्रं चारही शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. मत्तय २५ मधला मेंढरं-शेरडांचा न्याय (भुकेल्यांना खाऊ घालणारे एका बाजूला, न घालणारे दुसऱ्या) मात्र खरोखर कृत्यांवर होतो, तो मुद्दा पुढे येईलच.

याकोबाचं पत्र काढून टाकलं

काढलं नाही. १५२२ च्या प्रस्तावनेत ल्यूथरने इतर पुस्तकांच्या तुलनेत त्याला ‘गवताचं पत्र’ म्हटलं, हे खरं, आणि ते शोभणारं नव्हतं. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेलं. इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं त्याने शेवटी, अनुक्रमांक न देता ठेवली. पण भाषांतर केलं आणि छापली.

‘केवळ विश्वासाने’ हे शब्द फक्त याकोब २:२४ मध्ये, नकारार्थी येतात, हेही बरोबर आहे. आता त्याच अध्यायाचं १९ वं वचन वाचा. देव एकच आहे असं भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. याकोब ज्याला ‘विश्वास’ म्हणून फटकारतो तो हा: मान डोलावणं. १५-१६ मध्ये तो उदाहरण देतो, भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजचं अन्न नाही, आणि आपण ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणून दार लावतो. पौल ज्याला ‘कर्मं’ म्हणून बाजूला सारतो ती देवाच्या दारात हक्क म्हणून मांडलेली. याकोब जी मागतो ती उपाशी माणसाच्या ताटात वाढलेली.

आणि पुन्हा क्रम. याकोबही अब्राहामच घेतो, पण उत्पत्ति २२ मधला, इसहाकाला वेदीवर ठेवणारा. इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता, आणि डोंगरावर लाकडं इसहाकानेच वाहिली, म्हणजे चांगला मोठा होता. १५:६ चा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला. याकोब २:२३ म्हणतं, या कृत्याने ते शास्त्रवचन ‘पूर्ण झालं’. निकाल आधी, त्याचा पुरावा नंतर. दोघांचे शब्द जुळत नाहीत हे मी नाकारत नाही, पण दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले आहेत हे मेसेजमधलं चित्र वाचनातून निघत नाही.

पापाचा परवाना

हा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण शिकवणीची थट्टा म्हणून लिहिलेलं हे वाक्य काही लोक शिकवण म्हणूनच जगतात. ‘विश्वास ठेवला, झालं. उसने घेतलेले पैसे देवाने माफ केले.’ देवाने केले असतील, ज्याचे घेतले त्याने केलेले नाहीत. जक्कय या जकातदाराने (लूक १९:८) अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत देण्याचं कबूल केलं ते तारण विकत घ्यायला नाही. येशू आधीच त्याच्या घरी आलेला होता.

‘बिनधास्त पाप कर’ हे वाक्य १ ऑगस्ट १५२१ च्या पत्रातलं आहे, वार्टबुर्ग किल्ल्यातून मेलांख्थोनला लिहिलेलं. मेलांख्थोन हा ल्यूथरचा सहकारी, अतिशय काटेकोर माणूस, सतत कुठे चूक होईल या धास्तीत. त्याला ल्यूथर लिहितो: खऱ्या कृपेचा प्रचारक असशील तर पापही खरंच समज, खोटं-खोटं नको, पापी हो, जोरात पाप कर, पण त्याहून जोरात ख्रिस्तावर विश्वास ठेव. वाक्याचा दुसरा अर्धा भाग मेसेजमध्ये नाही. अर्थात खासगी पत्रातलं हे टोकाचं बोलणं प्रवचनात घेऊ नये, हे माझं मत. ल्यूथरचं ठरलेलं मत हवं असेल तर रोमकरांस पत्राच्या १५२२ च्या प्रस्तावनेत आहे: विश्वास जिवंत, खटपट्या, सतत काही करत राहणारा असतो, त्याच्यापासून कर्मं वेगळी करणं म्हणजे आगीपासून उष्णता आणि उजेड वेगळा करणं. नियमशास्त्र प्रवचनातून हद्दपार करा म्हणणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याशी, आग्रिकोलाशी, तो १५३७ पासून जाहीर वाद घालत होता.

पौलावर हाच आरोप त्याच्या हयातीत झाला होता. रोम ३:८ मध्ये तो त्याला निंदा म्हणतो, ६:१ मध्ये स्वतःच प्रश्न काढतो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का? कधीच नाही. जी शिकवण ऐकून हा प्रश्न कुणालाच पडत नाही ती बहुधा पौलाची नसते, पण जी शिकवण ‘हो’ म्हणते ती नक्कीच नसते. इफिसकरांस पत्र २:८-९ भिंतीवर लावतात, ‘कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणी बढाई मारू नये’, आणि तसबीर नेमकी दहाव्या वचनाच्या आधी संपते: सत्कर्मं करण्यासाठी निर्माण केलेले. ‘कर्मांनी’ आणि ‘कर्मांसाठी’. मत्तय २५ मधली मेंढरं ज्या जागी उभी आहेत ती हीच. आपण काही केलं हे त्यांच्या लक्षातही नाही.

उलट्या बाजूनेही हा सिद्धांत बिघडतो, आणि ती चूक मराठीत फार सहज होते. आपला ‘-ने’ दोन कामं करतो. चावीने दार उघडलं: साधन. पावसाने पीक गेलं: कारण. ‘विश्वासाने नीतिमान ठरतो’ यातला ‘-ने’ चावीचा आहे, पण ऐकणारा तो पावसाचा घेतो, ‘विश्वासामुळे’. मग विश्वासच एक कर्म होतो आणि त्याचं माप घेणं सुरू होतं: आजारी माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं त्याच्या खाटेशी उभं राहून सांगतात. ग्रीकमध्ये ही पळवाट जवळजवळ बंद आहे. पौल बहुतेक ठिकाणी ‘विश्वासाद्वारे’, ‘विश्वासातून’ असं म्हणतो. ‘विश्वासामुळे’ असा अर्थ देणारी, ‘दिया’ या शब्दापुढे द्वितीया विभक्ती लावणारी रचना नीतिमान ठरवण्याच्या संदर्भात तो एकदाही वापरत नाही. विश्वास म्हणजे पुढे केलेला रिकामा हात. दान मोठं आहे की लहान हे हाताच्या ताकदीवर ठरत नाही.

१९९९ ची शरणागती

३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे जागतिक ल्यूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ४४ परिच्छेद आहेत. १५ व्याचा आशय: केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, आणि आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा मिळतो, जो मनं नवी करून सत्कर्मांसाठी सज्ज करतो. यात ल्यूथरनांनी काय सोडलं ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं.

कॅथलिकांनीही आपली शिकवण सोडलेली नाही. ‘कॅथलिक कर्मांनी तारण मानतात’ असं आमच्याकडचे काही प्रोटेस्टंट वसईच्या कॅथलिक शेजाऱ्यांना ऐकवतात, ते तितकंच चुकीचं. ल्यूथरला उत्तर देणाऱ्या कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेच्या १३ जानेवारी १५४७ च्या निर्णयात ३३ कलमं आहेत, आणि पहिलंच कलम, ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं म्हणणाऱ्याला बहिष्कृत करतं. नववं कलम ‘केवळ विश्वासाने’ला बहिष्कृत करतं, पण कोणत्या अर्थाने हेही सांगतं: कृपा मिळायला माणसाच्या सहकाराची काहीच गरज नाही, या अर्थाने. १९९९ चं म्हणणं इतकंच की आज दोघे जसं शिकवतात तसं पाहता हे बहिष्कार एकमेकांना लागू होत नाहीत. नीतिमान ठरलेला माणूस त्याच वेळी पापीही असतो का, सत्कर्मांना ‘पुण्याई’ म्हणावं का, हे मतभेद घोषणापत्रात नोंदवून ठेवले आहेत. मेथडिस्ट २००६ मध्ये सामील झाले, रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये, विटेनबर्गला. अमेरिकेतल्या मिसूरी सिनडच्या ल्यूथरनांनी मात्र सही केली नाही; त्यांच्या मते यात ल्यूथरनांनीच फार ढील दिली.